देशाची भूमी, देशाचा इतिहास आणि आपला माग

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आणि विषयही नेमून दिला. निरनिराळ्या देशांचे जीवन त्यांच्या भूगोलाने आणि इतिहासाने कसे घडते, हा तो विषय. विषय पृथ्वीएवढा मोठा आणि वेळ घटकाभराचा. शिवाय भूगोल म्हटला की पुष्कळांना पाठ केलेल्या नद्यांची नावे आठवतात आणि इतिहास म्हटला की सनावळी. परीक्षा संपली की दोन्ही विसरण्याची आपली जुनी वहिवाट आहे. या दोन विद्यांचा आपल्या चुलीशी, आपल्या मागाशी आणि आपल्या मुलांच्या भवितव्याशी काही संबंध आहे, असे सहसा कोणी सांगत नाही. तो संबंध दाखविणे एवढाच आमचा आजचा उद्देश आहे. म्हणून दूरच्या देशांपासून आरंभ न करिता आम्ही आपल्या नागपूरपासून आरंभ करितो. घरची गोष्ट नीट समजली म्हणजे परदेशाची समजावयास वेळ लागत नाही.

प्रथम पायाखालची जमीन पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त लाव्हारस वर आला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. मुंबईपासून निघालेल्या या काळ्या पाषाणाची पूर्वेकडील कड नागपूरजवळ येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची आहे. येथून पश्चिमेस वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला हा सारा मुलूख त्या खडकाच्या झिजेतून झालेल्या काळ्या, चिकण, ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा आहे. येथून पूर्वेस भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेलो की खडक बदलतो, तो फार प्राचीन काळचा लागतो. माती हलकी होते, पाऊस वाढतो आणि अरण्य दाट होते.

आता या एका रेषेचे परिणाम पाहा. पश्चिमेस कापूस आणि ज्वारी, पूर्वेस धान. पश्चिमेकडच्या पाहुण्याच्या ताटात भाकरी, पूर्वेकडच्या पाहुण्याच्या ताटात भात. पश्चिमेचा शेतकरी विहिरीकडे पाहतो, तर पूर्वेकडे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी पाणी अडवून तळी बांधिली, आणि त्या तळ्यांवर आजही धानाची शेती उभी आहे. नवेगावबांधचे विस्तीर्ण तळे हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुन्या खडकाच्या पोटात मँगनीज सापडले, म्हणून मनसर, कांद्री, चिखला येथे खाणी निघाल्या. दऱ्याखोऱ्यांत कोळसा सापडला, म्हणून वरोरा, उमरेड, कामठी यांची नावे सरकारी कागदांत चढली. जमीन अशी मुकाट्याने माणसाचे ताट, वस्त्र आणि धंदा ठरवीत असते.

आपल्या कोष्टी समाजाचे स्थान या दोन भूमींच्या नेमके मध्यावर आहे, ही गोष्ट लक्षात घ्यावी. पश्चिमेचा कापूस आणि पूर्वेच्या अरण्यातला कोसा ही दोन्ही सुते नागपूर-भंडाऱ्याच्या मागांवर एकत्र आली. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पोसण्याचे काम पूर्वेकडील ढिवर बांधव करीत आले आणि तो विणण्याचे काम आपल्या घरांत होत आले. आपल्या समाजाचे नावच कोश या शब्दावरून पडले असे अनेक जाणते मानतात. विदर्भाच्या करवतकाठी वस्त्राला आज शासनदरबारी भौगोलिक मानांकन लाभले आहे. 'भौगोलिक' हा शब्द तेथे उगीच घातलेला नाही. विशिष्ट मातीत, विशिष्ट हवेत, विशिष्ट हातांनी झालेली वस्तू, हाच त्याचा अर्थ.

हवेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नागपूरचा उन्हाळा आपणांस सांगावयास नको. मे महिन्यात पारा शेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की ताण्यावरचे बारीक सूत हात लागताच तटकन तुटते. इंग्लंडातील लँकेशायर प्रांतात सूतगिरण्या भरभराटीस आल्या, याचे एक कारण तेथली ओलसर हवा हे सांगतात. समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे तेथे सदैव दमट असतात आणि सूत तुटत नाही. मग नागपूरच्या विणकराने काय करावे? त्याने जमिनीत खड्डा खणून माग बसविला. खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबीत तो विणावयास बसला. जमिनीचा गारवा आणि ओल ताण्याला मिळाली. आपल्या आजोबा-पणजोबांनी बसविलेल्या त्या खड्ड्याच्या मागास कोणी अडाणीपणाची खूण समजू नये. तो एका उष्ण आणि कोरड्या देशाच्या प्रश्नाला दिलेले शहाणपणाचे उत्तर होता. तीच गोष्ट पांजणीची. ताणा लांब पसरून त्याला खळ द्यावयाची तर सरळ, लांब गल्ली पाहिजे आणि सकाळची थंड वेळ पाहिजे. म्हणून पहाटेपासून गल्लीत ताणे पसरले जात आणि घरच्या बाया-मुलींसह सारे कुटुंब त्या कामी लागे. कांड्या भरणे, सूत उकलणे ही स्त्रियांची कामे मोजदादीत कधी आली नाहीत, परंतु त्यांच्यावाचून एक वार कापडही झाले नसते.

हा झाला भूगोल. परंतु नुसत्या मातीने आणि हवेने शहर होत नाही. काळी माती तर इतिहासाच्याही आधीपासून होती, आणि नागपूर शहर मात्र अवघे तीनशे वर्षांचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नाग नदीकाठची लहान लहान खेडी एकत्र करून हे नगर वसविले. डोंगरातले देवगड सोडून त्याने सुपीक मैदानाकडे दृष्टी वळविली आणि निरनिराळ्या ठिकाणचे शेतकरी व कारागीर आणून वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने येथे राजधानी आणिली, तट बांधिला आणि तलाव केला. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसले यांचे राज्य आले. दरबार आला, सरदार आले, फौज आली. दरबाराला पागोटी लागतात, शेले लागतात, रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी लागतात. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा येथील बारीक कापडाला गिऱ्हाईक मिळाले आणि ते कापड दूर पुण्यापर्यंत जाऊ लागले. कापूस मातीने दिला, पण माग चालता ठेवला तो राज्याने.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. नागपूरला समुद्र होता काय? आज कोणीही नाही म्हणेल. तथापि १७५१ साली बंगालच्या नबाबाशी झालेल्या तहाने ओरिसा प्रांत भोसल्यांकडे आला आणि सुमारे पन्नास वर्षे नागपूरच्या राज्याला पूर्व समुद्राचा किनारा लाभला होता. १८०३ साली इंग्रजांशी झालेल्या युद्धात अडगाव येथे पराभव झाला आणि देवगावच्या तहाने कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख गेला. एका तहाने राज्याचा समुद्रही गेला आणि उत्तम कापसाची जमीनही गेली. डोंगर, नद्या, समुद्र सारे होते तेथेच होते. परंतु नागपूरचा भूगोल बदलला होता. भूगोलाच्या पुस्तकात न सापडणारी ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सापडते, आणि म्हणूनच ही दोन पुस्तके वेगवेगळी वाचून चालत नाही.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ साली राज्य खालसा केले. दरबार मोडला तेव्हा दरबारी वस्त्रांचे गिऱ्हाईकही मोडले. राज्य जाण्याचे दुःख इतिहासकार सरदारांच्या वाड्यांत शोधतात. ते विणकरांच्या गल्लीतही शोधावयास हवे.

इंग्रजांना मात्र या प्रदेशात कशाची गोडी होती? त्यांना मापन हवे होते आणि कापूस हवा होता. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारा कर्नल विल्यम लॅम्टन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर असता हिंगणघाट येथे मृत्यू पावला आणि तेथेच त्याची कबर आहे. त्याच हिंगणघाटचे नाव पुढे कापसाच्या एका नामांकित जातीला मिळाले आणि विलायतेच्या बाजारात गाजले. भूमी मोजणारा आणि भूमीचे पीक नेणारा असे दोघेही एकाच गावी आले, हा निव्वळ योगायोग नव्हे. नागपुरात उभा असलेला झिरो माईलचा दगड त्याच मोजणीच्या कार्याची आठवण आहे.

कापूस होता, पण वाट नव्हती. रेल्वेपूर्वी येथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून, दऱ्याडोंगर ओलांडीत गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. पावसात सापडला तर भिजे, धुळीत मळे, आणि महिनोन्महिने वाटेत राही. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांतून नौकांनी कापूस पूर्व समुद्राला न्यावा अशीही एक मोठी योजना सरकारने हाती घेतली होती. परंतु नदीपात्रातील खडकांच्या मोठ्या अडसरांनी ती रोखून धरिली आणि रेल्वे आल्यावर ते काम सोडून देण्यात आले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. दोनच वर्षांच्या अंतराने विदर्भाचे शेत विलायतेच्या गिरणीजवळ गेले.

आता आम्ही आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. एकाच घटनेने निरनिराळ्या देशांवर काय काय केले, ते पाहिले म्हणजे भूगोल आणि इतिहास यांचा मेळ कसा बसतो हे कळते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्यापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे आणि तो पिकविणारे हात गुलामांचे होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि कापूस थांबला.

लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या. ओली हवा होती, कोळसा होता, लिव्हरपूलचे बंदर होते, जगातली उत्तम यंत्रे होती. पण कापूस त्या भूमीत पिकत नव्हता. लाखो कामगारांची कुटुंबे दानधर्माच्या अन्नावर येऊन पडली.

इजिप्तमध्ये नील नदीच्या गाळात उत्तम कापूस होत असे. भाव कित्येक पटींनी चढले. तेथला राज्यकर्ता इस्माइल याने हा सुकाळ कायमचाच समजून राजवाडे, रेल्वे, कालवे यांसाठी युरोपच्या सावकारांकडून अफाट कर्ज घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज मात्र राहिले. १८७५ साली सुएझ कालव्यातील आपला हिस्सा इंग्लंडला विकण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि १८८२ साली इंग्रजांनी इजिप्त व्यापिले. त्या देशाच्या नदीने दिलेल्या संपत्तीचा शेवट पारतंत्र्यात झाला.

आणि विदर्भात? येथेही कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीच्या कित्येक शेतांत कापूस आला. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि तेजी ओसरली, तरी कापसाचे पीक येथे कायम झाले. आपल्या विणकरांच्या वाट्याला काय आले हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कापूस महागला तसे सूत महागले आणि विणकराची मजुरी होती तेथेच राहिली. ज्याच्या दाराशी कापूस पिकत होता त्यालाच सूत परवडेना. पुढे रेल्वे आली ती कापूस घेऊन गेली आणि परत येताना मँचेस्टरचे कापड घेऊन आली. जाडेभरडे कापड विणणाऱ्या खेड्यापाड्यांतील महार विणकरांचा धंदा त्यामुळे पहिल्याने बसला. रेशीमकाठी लुगडी आणि धोतरे विणणारे आपले बांधव त्या मानाने टिकले. तसा काठ यंत्राला साधत नव्हता, आणि नऊवारी नेसणाऱ्या आपल्या माताभगिनींची आवड मँचेस्टरला कळत नव्हती. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून निघालेले मोमीन विणकर बांधवही कामठी आणि नागपूर येथे येऊन स्थिरावले. आपल्या आणि त्यांच्या मागांचा आवाज या शहरात पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या शेजारी ऐकू आला, हेही विसरू नये.

युद्ध अमेरिकेत झाले. लँकेशायर उपाशी राहिले, इजिप्त कर्जात बुडाले आणि विदर्भाचा विणकर कापसाच्या राशीजवळ सुताला महाग झाला. तिन्ही देशांची माती वेगळी, म्हणून परिणाम वेगळे. परंतु तिघांनाही एकाच इतिहासाने गाठले.

याच काळी जमशेटजी टाटा यांनी आणखी एक विचार केला. त्यावेळी गिरणी काढावयाची ती मुंबईलाच, असा सर्वांचा समज होता. टाटांनी नकाशा निराळ्या दृष्टीने पाहिला. कापूस वर्ध्याला, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे नागपूरला. मग कापूस मुंबईला कशाला न्यावा? १८७७ च्या १ जानेवारीस, राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. कोरड्या हवेवर त्यांनी गिरणीत ओलावा आणण्याची व्यवस्था करून मात केली. खड्ड्याच्या मागाने जे केले तेच गिरणीने मोठ्या प्रमाणावर केले. आपल्या कित्येक कुटुंबांचे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांचे पोट त्या भोंग्यावर चालले. सुमारे सव्वाशे वर्षे चालून ती गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर आता दुकानांचा बाजार उभा आहे. गिरणी बंद पडली तेव्हा काळी माती कोठे गेली नव्हती आणि कापूसही पिकावयाचा राहिला नव्हता. म्हणून भूमीला दोष देता येत नाही.

भूमी अनुकूल नसताना माणसे काय करू शकतात, याची उदाहरणे जगात आहेत. जपानकडे पाहा. डोंगराळ बेटे, भूकंपाची भीती, शेतीयोग्य जमीन थोडी. कापूसही पुरेसा नाही. परंतु १८६८ नंतर त्या राष्ट्राने शिक्षण आणि यंत्रविद्या यांचा ध्यास घेतला. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जपानी बोटींची वाहतूक सुरू झाली, आणि तीत टाटांचाही पुढाकार होता. हिंदुस्थानचा कापूस त्या बोटींतून जपानला जाऊ लागला. चाळीसच वर्षांत कापडाच्या निर्यातीत जपानने इंग्लंडला मागे टाकले, आणि आपल्याच कापसाचे जपानी कापड आपल्या बाजारात आले. स्वित्झर्लंडकडे पाहा. समुद्र नाही, कोळसा नाही, निम्मा देश बर्फाळ पर्वतांचा. जड माल नेणे परवडत नाही, म्हणून त्यांनी वजनाने हलकी आणि मोलाने भारी वस्तू निवडली. घड्याळे आणि बारीक कशिदा यांत त्यांनी जगभर नाव मिळविले. हॉलंडने तर समुद्र मागे हटवून जमीन मिळविली. यांपैकी कोणत्याही देशाला आपल्यासारखी काळी माती लाभली नव्हती.

यावरून कोणी असेही म्हणू नये की भूगोल काहीच नाही आणि मनुष्याची इच्छा सर्व काही आहे. पावसावर अवलंबून असलेल्या विदर्भाच्या कापूस उत्पादकाला 'जपानकडे पाहा' असे सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाची थट्टा करणे होय. त्याची जमीन, त्याचा पाऊस, त्याचे कर्ज आणि दूरच्या बाजारात ठरणारा भाव या साऱ्या गोष्टी त्याच्या हातच्या नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की भूमी माणसापुढे काही वाटा ठेविते, इतिहास त्यांतील काही वाटा उघडतो आणि काही बंद करितो, आणि उरलेल्या वाटांतून निवड करण्याचे काम समाजाचे असते. ती निवड न करणारा समाज इतरांनी केलेल्या निवडीप्रमाणे जगतो.

आपल्या बोलण्याकडेच पाहा ना. पुण्या-मुंबईची मंडळी आपल्या मराठीत हिंदीचा वास येतो म्हणून हसतात. त्यात लाजण्यासारखे काय आहे? १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ साली वऱ्हाड त्याला जोडला गेला. जवळजवळ शंभर वर्षे नागपूर आणि जबलपूर-रायपूर यांचा कारभार एकत्र चालला. शाळा, कचेऱ्या, रेल्वे, बाजार सर्वत्र दोन भाषा शेजारी बसल्या. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, नागपूरची राजधानी गेली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. सरहद्दी बदलल्या, पण शंभर वर्षांचे शेजारपण जिभेवर राहिले. आपली बोली हा आपल्या इतिहासाचा दाखला आहे.

आता आपल्या समाजापुढील प्रश्नाकडे वळतो आणि भाषण आवरते घेतो. आपल्या गल्ल्यांतून हातमागाचा आवाज फार थोडा ऐकू येतो. कित्येक घरांत खड्डे बुजवून वर फरशी बसविली गेली आहे. धोटे, फण्या आणि रहाट माळ्यावर पडले आहेत किंवा सरपणात गेले आहेत. आपली मुले-मुली शिकली, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे गेली, काही समुद्रापलीकडे गेली. हे चांगले झाले. कोणाच्या मुलाने मागावरच बसावे, असा आग्रह आम्ही धरीत नाही. त्या धंद्यातील उपासमार ज्यांनी सोसली त्यांना तसे सांगण्याचा अधिकारही कोणाला नाही. विणकराचा मुलगा वैद्य झाला, अभियंता झाला, मुलगी प्राध्यापक झाली, यात समाजाचा उत्कर्षच आहे.

परंतु एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. देशाच्या मध्यावर असणे हे नागपूरचे भाग्य पुन्हा एकदा उदयास येत आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात. ४४ आणि ५३ क्रमांकांचे राष्ट्रीय महामार्ग येथेच भेटतात. मुंबईला जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२२ साली अंशतः व २०२५ साली पूर्ण खुला झाला. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे आली तेव्हाही अशीच नवी वाट उघडली होती. त्या वाटेने कच्चा कापूस बाहेर गेला आणि तयार कापड आत आले. या नव्या वाटेने काय जाणार आणि काय येणार? आपल्या मातीतला कापूस पुन्हा गाठोड्यांतच जाणार आणि आपली शिकलेली मुले त्याच्या पाठोपाठ जाणार, की सूत, कापड, काठ, नक्षी आणि हुशारी यांचे मोल येथेच वाढून मग ते जगात जाणार? या प्रश्नाचे उत्तर नकाशात लिहिलेले नाही. ते आपण आणि आपली पुढची पिढी देणार आहे.

याकरिता समाजाने तीन लहान कामे हाती घ्यावीत अशी आमची नम्र सूचना आहे. पहिले असे की, प्रत्येक कुटुंबाने आपले मूळ गाव कोणते, तेथून कोण, केव्हा आणि कशामुळे निघाले, कोणत्या मागावर काय विणीत असत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवावे. आजीच्या आठवणी विशेष लिहाव्या, कारण त्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत. राजांचा इतिहास लिहावयास बखरकार होते, विणकरांचा इतिहास विणकरांनाच लिहावा लागेल. दुसरे असे की, घरात उरलेली मागाची साधने भंगारात देऊ नयेत. समाजाच्या वास्तूत एक खोली त्यांसाठी राखावी आणि एक खड्ड्याचा माग चालू स्थितीत बसवावा. मुलांनी त्यावर बसून पाहावे, म्हणजे आपल्या पूर्वजांनी उन्हाळ्यावर कशी मात केली हे पुस्तकावाचून कळेल. तिसरे असे की, समाजाच्या शिष्यवृत्ती देताना वस्त्रविद्या, आरेखन आणि व्यापार शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा अथवा विद्यार्थिनीचा आवर्जून विचार व्हावा. शंभरांतील दोन मुलांनी जरी या मातीतील कापसाचे मोल वाढविण्याचा ध्यास घेतला, तरी पुष्कळ होईल.

विद्यार्थिमित्रहो, भूगोल आणि इतिहास या विद्या परीक्षेनंतर टाकून देण्यासारख्या नाहीत. आपण आज आहोत येथे का आहोत, हे त्या सांगतात. मग येथून कोठे जावयाचे, हे ठरविणे सोपे जाते. आपल्या पूर्वजांनी खड्डा खणून कोरड्या हवेला उत्तर दिले. आपल्या काळाचा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर आपण एकत्र बसून, विचार करून आणि शिकून शोधले पाहिजे.